विठाबाईंची रजा

परवा शनिवारी नाशिकहून पुण्याला परत येताना नारायणगावात चहाला थांबलो. बरोबरचा मित्र म्हणाला, "अरे, तमाशावाल्या विठाबाईंचं गाव ना हे?" आणि लगेच ती गोष्ट. तुम्हीही ऐकली असेलच. दिवस भरत आलेल्या विठाबाईंना बोर्डावर नाचताना कळा सुरू झाल्या. त्या मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. "ह्याला म्हणतात डेडिकेशन!" इति मित्र.

मी मान डोलावली खरी, पण घरी पोचेपर्यंत डोक्यात किडा वळवळत राहिला.

विठाबाईंचा जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. वडील भाऊ आणि चुलते बापू, दोघांचा तमाशा तेव्हा गाजत होता. त्यामुळे गाणं-नाचणं घरातच. पुढे विठाबाईंचं नाव इतकं झालं की १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून गौरव झाला.

आता जरा फडाचं गणित बघू. हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. त्याआधीच फडमालक कर्ज काढतो, कलाकारांना उचल देतो. मग गाड्या, तंबू, जेवणखाण सगळं रोजच्या गल्ल्यावर. एक रात्र खेळ पडला तर गल्ला शून्य, व्याज मात्र चालूच! त्यात लोक जिच्यासाठी तिकीट काढून आले तीच नाही म्हटल्यावर तंबू धड राहील का? आमच्या धंद्यात याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. इथे तो पॉइंट म्हणजे एक बाळंतीण होती.

आपल्याकडे प्रसूती रजेचा कायदा आला १९६१ साली, तेव्हा १२ आठवडे. २०१७ मध्ये त्याचे २६ झाले. आमच्या टीममधली एक जण रजेवर गेली तेव्हा तिचं काम आम्ही चौघांनी वाटून घेतलं. थोडी कुरकुर केली, पण घेतलं. विठाबाईंची लावणी कोण वाटून घेणार होतं?

डेडिकेशन होतंच हो, ते कोण नाकारतंय? पण त्या रात्री त्यांना 'नाही' म्हणता आलं असतं का, हे आपण विचारत नाही. कारण गोष्ट टाळ्यांवर संपते. आयुष्य तसं संपलं नाही. शेवटचे दिवस ओढग्रस्तीत गेले आणि १५ जानेवारी २००२ ला त्या वारल्या. नंतर राज्य सरकारने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

असो. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात. तेव्हा पुन्हा जायचा विचार आहे. फडमालकाला एकच विचारायचंय, "तुमच्याकडे बाळंतपणाची रजा किती?"