फार्सीची दुसरी पायरी

दुबलगुंडीच्या आमच्या घरात आजोबांच्या वेळची एक लाकडी पेटी आहे. दर गणपतीला सजावटीचे सामान काढताना ती उघडते, आणि तळाचा कापडी बस्ता पुन्हा होता तसा ठेवला जातो. त्यात काही कागद मोडीत, काही उर्दूत आणि दोन फार्सीत आहेत. माझी पुतणी हैदराबादला विद्यापीठात फार्सी शिकते. गेल्या वर्षी तिने ते दोन कागद हातात घेतले. ‘परगणा’, ‘मौजे’ एवढे वाचले आणि थांबली. म्हणाली, “काका, मला पुस्तकातली फार्सी येते, ही येत नाही.” पुढची वर्षे शिकावे की सोडावे, असाही तिला प्रश्न पडला होता.

मी सरकारी नोकर, शिक्षण पदविकेपर्यंतचे. मला फार्सी येत नाही. पण तिच्या त्या एका वाक्याने मी विचारात पडलो.

पहिली पायरी मराठी माणसाला अवघड नाही. कागद, दप्तर, जमीन, दरवाजा हे शब्द आपण आईच्या तोंडून शिकलो. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा हे कळले की चिटणीस आणि फडणीस उलगडतात. ‘बस्ता’ म्हणजे बांधलेले. लिपी आली, क्रियापदे आली की वर्षभरात सोपे गद्य वाचता येते.

दुसऱ्या पायरीवर मात्र दमछाक होते. दप्तरातले लेखन बहुधा ‘शिकस्ता’ वळणाचे. शिकस्ता म्हणजे मोडलेली. तिच्यात नुक्ते गळतात, आणि एरवी सुटी राहणारी अक्षरे एकमेकांत अडकतात. रकमा ‘सियाक’ नावाच्या हिशेबी चिन्हांत असतात. ती अरबी संख्याशब्दांची आखूड रूपे आहेत. सनांचा गोंधळ वेगळाच. निजामी राज्यातल्या फसली सनात ५९० मिळवायचे, म्हणजे फसली १३५७ हे इ.स. १९४७-४८. मराठी कागदांतला ‘सलास सबैन अलफ’ म्हणजे तीन, सत्तर आणि हजार, अर्थात शुहूर सन १०७३, इ.स. १६७२-७३. मराठीत आपण ‘प्रयत्नांची शिकस्त’ म्हणतो. ती इथे खरोखर करावी लागते.

ही दुसरी पायरी आपल्या मुलखाला नवी नाही. बिदरला महमूद गवानचा मदरसा १४७२ साली उभा राहिला. इराणातल्या गिलानहून आलेल्या या वजिराने ‘मनाजिर-उल-इन्शा’ हा ग्रंथ लिहिला. तो पत्रलेखनाच्या शास्त्राचा, म्हणजे अक्षरओळख झालेल्यांसाठी नव्हे, तर पुढे जाणाऱ्यांसाठी. आपण मुलांना मदरशाच्या निळ्या फरशा दाखवतो. आत काय शिकवले जाई ते सांगायचे राहून जाते.

हैदराबाद संस्थानात १८८४ साली कारभाराची भाषा फार्सीऐवजी उर्दू झाली. पुढे १९४८ आले, १९५६ आले. बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. निलंगा, उदगीर, अहमदपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. कारभार कन्नडमध्ये आला, घरात मराठी राहिली, आणि जुने कागद वाचणारी पिढी हळूहळू संपली.

तरी मराठी माणसांनी ही वाट सोडलेली नव्हती. कवी माधव जूलियन पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सी शिकवीत. त्यांचा ‘फार्सी-मराठी कोश’ १९२५ साली निघाला. भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’ संपादित करून मूळ फर्माने मराठी अभ्यासकांपुढे ठेवली. आणि सेतुमाधवराव पगडी तर आपलेच. १९१० साली ते निलंग्याला जन्मले. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी मोगल दरबारची बातमीपत्रे फार्सीतून मराठीत आणली. औरंगजेबाच्या दरबारात मराठ्यांविषयी रोज काय बोलले जात होते, ते त्यामुळे आपल्याला कळते. शत्रूच्या भाषेत नोंदलेला आपला पराक्रम वाचायलाही ती भाषा शेवटपर्यंत शिकावी लागते.

पुतणीने विचारले, “पुढे शिकून नोकरी लागेल का?” खोटी आशा मी दिली नाही. एवढेच म्हणालो, “अर्धी फार्सी शिकून तू परत आलीस तर हा बस्ता पुन्हा बांधावा लागेल, आणि पुढे तो कोण सोडणार?” तिने पुढच्या वर्षाला नाव घातले आहे.

घरोघरी असे बस्ते असतील. ते वाळवीला किंवा रद्दीला देऊ नका. त्यांची छायाचित्रे काढून ठेवा. आणि घरातले एखादे मूल फार्सी, मोडी शिकतो म्हणाले, तर त्याला पहिल्याच वर्षी “काय उपयोग?” असे विचारू नका.

आपला गणपती व्यासांचा लेखनिक होता. अर्थ समजल्याशिवाय अक्षर लिहायचे नाही, अशी व्यासांची अट त्याने मान्य केली होती. त्याच्या उत्सवात आपण निदान वाचण्यापुरती ती अट पाळू या.

गणपती बाप्पा मोरया!