उसन्या विमानातला जनरल

4 जून 1944, रविवार. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ड्रॉक्सफर्ड नावाचं आडबाजूचं स्टेशन आहे, तिथे तुम्ही उभे आहात. फलाटाशी लागलेली गाडी पंतप्रधान चर्चिल यांची. स्वारीच्या हट्टापायी अर्धं सरकार या डब्यांत कोंबलंय. आत न्हाणीघर एकच आणि टेलिफोनही एकच. न्हाणीघर चर्चिलनी अडवलेलं, टेलिफोन त्यांचे लष्करी सहायक जनरल इस्मे यांनी. परराष्ट्रमंत्री ईडन वैतागलेत, पण बोलणार कोणाला?

वारा वाढतोय. खराब हवेमुळे जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सवरची, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरची दोस्तांची चढाई आज पहाटेच एक दिवस पुढे ढकलली गेली आहे. ती परवा होणार आणि फत्ते होणार, हे इथे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. कृपा करून बोलू नका.

पाहुणे आले. सहा फूट पाच इंच उंची, खाकी गणवेश, ताठ मान. मुक्त फ्रान्सचे नेते जनरल शार्ल द गॉल. चर्चिल हात पसरून थेट रुळांवर उतरले आहेत. इतिहासाचा क्षण त्यांना बरोबर कळतो. पाहुणे मात्र आखडूनच आहेत.

आखडायला कारणंही आहेत. हा माणूस आज सकाळी अल्जीयर्सहून लंडनला उतरला तो चर्चिलनी पाठवलेल्या विमानातून. त्याच्या देशावर चढाई होतेय आणि ती कधी, कुठे, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. एप्रिलपासून ब्रिटिशांनी त्याच्या माणसांच्या सांकेतिक तारांवरही बंदी घातली आहे. कालच त्याच्या अल्जीयर्समधल्या राष्ट्रमुक्ती समितीने 'फ्रेंच प्रजासत्ताकाचं हंगामी सरकार' असं नाव अधिकृतपणे धारण केलं. ते नाव ऐकून वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कपाळाला आठ्या पडतात. निवडून न आलेल्या एका सेनानीला आपण गादीवर का बसवायचं, हा त्यांचा सवाल. तो अगदीच चुकीचा आहे असंही नाही.

डब्यात शिरा आणि कोपऱ्यातली खुर्ची धरा. टेबलाशी ईडन आहेत, मजूरमंत्री बेव्हिन आहेत आणि दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फील्ड मार्शल स्मट्सही आहेत. फ्रान्स आता मोठी सत्ता उरलेला नाही, असं जाहीर भाषण गेल्याच वर्षी ठोकलेले हेच ते स्मट्स. त्यांना आजच्या पंगतीला बसवायचं कोणाला सुचलं असेल!

चर्चिल चढाईचा बेत सांगतात. द गॉल मनापासून दाद देतात. इथवर सगळं ठीक. मग चर्चिल सुचवतात, फ्रान्सच्या कारभाराचं आत्ताच बोलून घेऊ, आणि तुम्ही रूझवेल्टना जाऊन भेटा.

डब्यातली हवा बदलली. फ्रान्सवर राज्य करण्यासाठी मी रूझवेल्टकडे उमेदवारीचा अर्ज का करायचा, असं जनरल विचारतात. फ्रेंच सरकार आहेच. बोलणी नाकारलीत तर आमच्या मजूर पक्षाला वाईट वाटेल, असं बेव्हिन बोलून जातात आणि जनरल उसळतात. गेल्या सप्टेंबरपासून आमचे प्रस्ताव उत्तराविना पडून आहेत, तेव्हा आम्हाला काय वाटलं असेल?

खरा घाव नोटांचा आहे. सैनिकांना वाटायला अमेरिकेने फ्रँकच्या नोटा छापून आणल्या आहेत. एक हातात घ्या. पुढे 'फ्रान्समध्ये जारी' एवढंच. कोणी जारी केली, याचा पत्ता नाही. उलटून पाहा, तिरंगी झेंडा आहे, पण 'फ्रेंच प्रजासत्ताक' हे शब्द नाहीत. ते रूझवेल्टनाच नको होते. इटलीत मुक्त झालेल्या मुलखाचा कारभार दोस्तांचे लष्करी अधिकारी हाकतात. तीच तऱ्हा आपल्याकडे येणार, ही जनरलची भीती. जा, तुमच्या खोट्या पैशावर युद्ध करा, अशा अर्थाचं काहीतरी ते फेकतात.

चर्चिलही पेटतात. युरोप की खुला समुद्र असं निवडायची वेळ आली, तर आम्ही समुद्रच निवडू. तुम्ही की रूझवेल्ट, असं झालं तर मी नेहमी रूझवेल्टच निवडेन. ईडन मान हलवतात. त्यांना हे पटलेलं दिसत नाही. बेव्हिन तर जनरलना सांगतात की पंतप्रधान स्वतःपुरते बोलले, मंत्रिमंडळाच्या वतीने नव्हे.

आणि इतकं होऊनही चर्चिल पेला उचलतात तो पराभव कधीच न स्वीकारलेल्या द गॉलसाठी! विचित्र माणसं आहेत ही.

तुम्ही मराठी मुलखातून आलात, म्हणून तुम्हाला आणखी एक गोष्ट टोचते. युरोपच्या मुक्तीची आखणी करणाऱ्या या यजमानाच्या सरकारने ऑगस्ट 1942 पासून नेहरू, पटेल, आझाद यांना अहमदनगरच्या किल्ल्यात डांबून ठेवलंय. आणि देशाच्या सार्वभौमत्वावर बोलणारा पाहुणा ज्या फ्रेंच वसाहतीतल्या अल्जीयर्समधून आला, तिथल्या अरबांना राज्य कोणाचं हवं हे कोणी विचारलेलं नाही. टेबलाशी बसलेल्या कोणालाही यात विसंगत काही दिसत नाही.

दुपारी जंगलातल्या छावणीत दोस्तांचे सरसेनापती आयझेनहॉवर नकाशे दाखवतात. हवेबद्दल जनरलचं मत विचारतात. मी असतो तर थांबलो नसतो, असं उत्तर मिळतं. मान दिला की हा माणूस सरळ बोलतो, हे लक्षात ठेवा. मग आयझेनहॉवर, काहीसे अवघडून, फ्रेंच जनतेसाठीचा जाहीरनामा पुढे करतात. त्यात द गॉल सरकारचा उल्लेखच नाही. दुरुस्त्या सुचवा म्हणतात खरे, पण मजकूर केव्हाच छापून झालेला असतो.

पुढच्या रात्री जहाजं निघालीत आणि लंडनमध्ये जनरल मांडवात रुसलेल्या जावयासारखे अडून बसलेत. आयझेनहॉवरच्या मागून रेडिओवर बोलणार नाही, संपर्क अधिकारीही पाठवणार नाही. त्यांचे बिचारे राजदूत व्हिएनो जनरल आणि ब्रिटिश यांच्यामध्ये रात्रभर हेलपाटे घालतात. याला अल्जीयर्सला परत धाडा, हवं तर बेड्या घालून, असं चर्चिल गरजतात. तसं पत्रही तयार होतं, पण जात नाही. 6 तारखेच्या संध्याकाळी जनरल बीबीसीवरून बोलतात, आणि फ्रेंच सरकारचे हुकूम पाळा, असं बजावतात.

हा निव्वळ अहंकार होता का? मला तसं वाटत नाही. विमान दुसऱ्याचं, रेडिओ दुसऱ्याचा, सैनिकांची शस्त्रंही बहुतेक दुसऱ्याची. श्रीमंत माणूस एकदा वाकला तरी श्रीमंतच राहतो. याच्या गाठीला ताठ मानेखेरीज काही नव्हतं. तीही दिली असती तर देण्याघेण्याला उरलं काय असतं?

14 जून. नॉर्मंडीतल्या कुरस्योलच्या किनाऱ्यावर जनरलच्या मागून उतरा. रस्त्यात सायकलवरचे दोन फ्रेंच पोलीस भेटतात. जनरल त्यांना सांगतात, पुढे जाऊन बायो गावाला वर्दी द्या, आणि त्यांना वेळ मिळावा म्हणून स्वतः थांबतात. बायोमध्ये लोक भोवती गोळा होतात, भाषण होतं, आणि जनरल निघताना फ्रांस्वा कुले नावाचा आपला माणूस आयुक्त म्हणून मागे ठेवतात. कोणाची परवानगी घेतलेली नाही. दोस्तांचे अधिकारी मुकाट कुलेशी व्यवहार करू लागतात. त्यांना लढाई करायची आहे, गावं चालवायची नाहीत.

वॉशिंग्टनला वेळ लागला. रीतसर मान्यता आली 23 ऑक्टोबरला, पॅरिस मुक्त होऊन दोन महिने झाल्यावर. त्यानंतरच्या पत्रकार परिषदेत बसा, मागची रांग पुरे. या मान्यतेबद्दल काय वाटतं, असं कोणी विचारतं. सरकारला त्याच्या नावाने हाक मारायला लोक तयार झाले, याचं सरकारला समाधान आहे, एवढं बोलून जनरल पुढच्या प्रश्नाकडे वळतात.