वाइनबर्ग, म्येचिस्वाफ
(१९१९–२६ फेब्रुवारी १९९६). पोलिश-ज्यू वंशाचा सोव्हिएट संगीतरचनाकार. जन्म वॉर्सा येथे. १९३९ च्या जर्मन आक्रमणानंतर तो पायी पूर्वेकडे निघाला. धाकटी बहीण सोबत होती, पण जोडा पायाला लागू लागल्याने ती घरी परतली. ती व आईवडील पुढे नाझींच्या संहारात बळी पडले. मिन्स्क व ताश्कंद येथे काही काळ काढून शोस्ताकोविचच्या साहाय्याने तो १९४३ मध्ये मॉस्कोला स्थायिक झाला.

त्याने दोन व्हायोलिन, व्हिओला व चेलो यांसाठी सतरा चतुष्टये रचली (१९३७–८६). बोरोदिन चतुष्टयाने केलेल्या थोड्या ध्वनिमुद्रणांखेरीज ती पश्चिमेस फारशी पोहोचली नाहीत आणि ‘शोस्ताकोविचचा अनुकारक’ हा शिक्का त्याच्यावर बसला. दानेल चतुष्टयाने २००७ पासून सहा ध्वनिमुद्रिकांत ही सर्व चतुष्टये प्रसिद्ध केल्यावर हे मत टिकणे अवघड झाले.

क्रमाने ऐकताना प्रथम जाणवते ती मधली पोकळी. सहावे चतुष्टय १९४६ चे, तर सातवे १९५७ चे. सहा भागांच्या या सहाव्या चतुष्टयात आवेग आणि विषाद एकमेकांवर आदळतात. १९४८ च्या ‘रूपवाद’विरोधी मोहिमेत ते सादरीकरणास अयोग्य ठरविण्यात आले. त्याच वर्षाच्या जानेवारीत त्याचे सासरे, ज्यू नट मिखोएल्स, यांची स्टालिनच्या आज्ञेने हत्या झाली होती. फेब्रुवारी १९५३ मध्ये वाइनबर्गला अटक झाली. स्टालिनच्या मृत्यूनंतर तो सुटला. सहावे चतुष्टय मात्र त्याच्या हयातीत जाहीरपणे वाजलेच नाही; दानेल चतुष्टयाने ते २००७ मध्ये मँचेस्टर येथे प्रथम सादर केले.

शोस्ताकोविचचे ऋण उघड आहे, पण ते एकतर्फी नाही. वाइनबर्गची ज्यू गीते १९४३ ची, तर शोस्ताकोविचची ज्यू लोककाव्यावरील गीतमाला १९४८ ची. चतुष्टयांच्या संख्येत दोघांची मैत्रीपूर्ण चढाओढ चाले. शोस्ताकोविचने आपले दहावे चतुष्टय (१९६४) वाइनबर्गलाच अर्पण केले.

सर्वच चतुष्टये सारख्या तोलाची नाहीत. शिवाय पहिले चतुष्टय १९८५ मधील सुधारित रूपातच वाजविले जाते. त्यावरून अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याची शैली ठरविणे धोक्याचे आहे. अखंड एकाच भागात बांधलेले आठवे (१९५९) व पूर्वोक्त सहावे ही मात्र विसाव्या शतकातील चतुष्टय-वाङ्मयात निःसंशय गणना व्हावी अशा योग्यतेची आहेत.