लदेणी
लदेणी ही बंजारा समाजाची बैलांच्या पाठीवरून मालवाहतूक व व्यापार करण्याची पारंपरिक पद्धत होय. पावसाळा सरल्यावर मीठ व धान्याच्या गोण्या लादून तांडा नायकाच्या नेतृत्वाखाली कुटुंबकबिल्यासह निघे. वृद्धही सोबत असत. पावसाळ्यात चराऊ रानाजवळ मुक्काम पडे. मोगल सैन्यालाही बंजारे रसद पुरवीत.

१९व्या शतकात रेल्वे व पक्क्या रस्त्यांमुळे हा व्यवसाय बुडाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या समूहांच्या संचारावर निर्बंध आणले. तो १९५२ साली रद्द झाला.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद, दिग्रस परिसरात तांडे स्थिरावून शेती करू लागले. माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचा जन्म पुसद तालुक्यातील गहुली येथे १९१३ साली झाला. लदेणी संपली, तरी स्थायी वस्तीला आजही 'तांडा' म्हणतात. महाराष्ट्रातील अनेक बंजारा कुटुंबे हिवाळ्यात ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात.