कुजणं आणि पचणं

'जखम सेप्टिक झाली' म्हणताना सोसायटीच्या सेप्टिक टँकशी तिचं नातं कुणाच्या मनात येत नाही. दोन्हींचं मूळ ग्रीक 'सेप्सिस', म्हणजे कुजणं. त्याच्या समोर ग्रीक वैद्य 'पेप्सिस' ठेवत: शिजणं, पचणं. हा पेप्सिस तर आपल्या 'पच्' धातूचा चुलतभाऊ. पचन, पक्व, पक्वान्न सगळी त्याच गोतातली. (पोटातलं पेप्सिनही.)

आज 'सेप्सिस' हे संसर्गातून उद्भवणाऱ्या एका जीवघेण्या अवस्थेचं नाव आहे. 2016 साली डॉक्टरांनी तिची व्याख्या नव्याने बांधली: संसर्गाशी लढताना प्रतिकारयंत्रणेचा तोल सुटतो, रक्तदाब कोसळू शकतो, मूत्रपिंडं, फुप्फुसं निकामी होऊ लागतात. जंतूंइतकाच घात शरीराचा स्वतःचा भडका करतो. म्हणजे राखणदारच घर पेटवतो, आणि नाव मात्र अजून सडण्याचंच!