मस्टर कुणाच्या हातात?

सरकारी मदतीचा इतिहास लिहिताना आपण गव्हर्नरांची, मुख्यमंत्र्यांची नावं लिहितो. शेवटच्या टेबलावर बसलेल्या कारकुनाचं नाव कुठेच येत नाही. पण आमच्या बारामती-इंदापूर भागाचा दोनशे वर्षांचा इतिहास चाळला की वाटतं, रयतेच्या नशिबी काय आलं ते बरंचसं त्या टेबलावरच ठरलं.

इंदापूरपासून सुरुवात करू. १८३० च्या सुमारास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने इथे जमीनमोजणी करून सारा ठरवला. माणूस अभ्यासू. उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यायचा, असा त्याचा हिशेब. कागदावर उत्तम! पण प्रत्यक्ष मोजणारी खालची माणसं देखरेखीविना सोडलेली. मोजमापं चुकली, लाचलुचपत झाली, सारा जड झाला. शेतं पडीक पडली, कुटुंबं गाव सोडून गेली. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी काम नव्याने हाती घेतलं. त्यांनी जमिनीची प्रत पाहिली, खालच्यांच्या मोजणीची फेरतपासणी केली, दर उतरवले आणि ३० वर्षं ते वाढणार नाहीत अशी हमी दिली. पडीक रानं पुन्हा नांगराखाली आली. पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली.

ही झाली घेण्याची गोष्ट. देण्याची वेळ आली १८७६ च्या दुष्काळात. नीरा डाव्या कालव्याचं खोदकाम त्याच वर्षी दुष्काळी काम म्हणून सुरू झालं. आज आमच्याकडे जो ऊस दिसतो, त्याच्या मुळाशी त्या उपाशी माणसांची कुदळ आहे, हे विसरू नये. पण १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहाने मजुरी उतरवली गेली, तिचा पाया दिवसाला एक पौंड धान्य. घराजवळची छोटी कामं बंद करून माणसांना दूरच्या मोठ्या कामांवर धाडायचं धोरणही होतं. कारण काय, तर छोट्या कामांवर देखरेखीला पुरेशी माणसं नाहीत, तिथे आळस माजतो! हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. सरकारी यंत्रणेला जे दिसत नव्हतं, ते दाखवणारी ही बिनपगारी माणसं होती. पुढे दुष्काळ आयोग आला आणि त्यातून दुष्काळसंहिता तयार झाली. यादी कुणी करायची, पाहणी कुणी करायची, हे त्या संहितेने लिहून ठेवलं.

१९७२ चा दुष्काळ मी डोळ्यांनी पाहिला. तेव्हा बी.ए.ला होतो. सुट्टीत गावी आलं की रस्त्याकडेला खडी फोडणाऱ्या बाया, पाझर तलावाच्या भरावावर पाट्या टाकणारी माणसं आणि दुपारी सुकडीसाठी लागलेली रांग दिसायची. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख लोक अशा कामांवर होते. एवढ्या लोकांची हजेरी, मोजमाप आणि पगार हातानेच व्हायचा! एका कामावर मोजमापाला कुणी आलंच नाही, म्हणून पगार लांबलेला मला आठवतो. सरकारची नियत खोटी नव्हती, टेपचं दुसरं टोक धरायला माणूस नव्हता.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी याच काळात राज्यभर गेली. १९७७ च्या कायद्याने, जो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, काम मागणं हा हक्क झाला. देशाने असा कायदा करायला २००५ साल उजाडलं.

मग १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. २०२३ मध्ये तिची रक्कम महिना १५०० रुपये झाली. चांगलंच झालं. पण ती मिळवायला उत्पन्नाचा दाखला हवा, वयाचा पुरावा हवा आणि दरवर्षी हयातीचा दाखला हवा. म्हातारीने आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं, तर समोर ते ऐकून घेणारं कुणीतरी असायला नको का? २०२४ मध्ये तलाठ्याचं नाव ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं. नाव भारदस्त झालं, आनंद आहे. पण एकाच माणसाकडे दोन-तीन सजे असले, तर तो कोणत्या गावात कोणत्या वारी सापडणार?

आम्ही शिक्षकांनीही जनगणनेपासून मतदारयादीपर्यंत सरकारची बरीच माणसं मोजली, त्यामुळे खालच्या टेबलाबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे. त्या टेबलावर प्रिंगलच्या काळातला लाचखाऊही बसू शकतो आणि रात्री कंदिलाच्या उजेडात मस्टर पुरं करणारा प्रामाणिक कारकूनही. पहिल्याला आवरायचं आणि दुसऱ्याला हाताखाली माणूस द्यायचा, एवढं केलं तरी पुष्कळ.

नवी योजना जाहीर झाली की आपण विचारतो, रक्कम किती? वाचकहो, यापुढे आणखी एक प्रश्न विचारत जा. माणसं किती नेमली?