कबर नसलेला जवान

पिंगळीत फौजेतल्या पोरांचा विषय निघाला की आम्हाला कोकणातले यशवंत घाडगे आठवतात. माणगाव तालुक्यातलं पळसगाव हे त्यांचं गाव, मराठा पलटणीत ते नाईक. आपली पिंगळी तेव्हा निजामाच्या राज्यात होती.

10 जुलै 1944. इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगननं त्यांची सगळी तुकडी गारद केली. उरले एकटे घाडगे. ते सरळ पुढे धावले. आधी हातबॉम्ब टाकला, मग गोळ्या झाडल्या. पुन्हा गोळ्या भरायला वेळ नव्हता, तर बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना झोडपलं. ठाणं घेतलं आणि तिथंच गोळ्या लागून पडले. वय 22. देह सापडलाच नाही; कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे.

व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीच्या हाती आला. पण फूल वाहायला जागा नाही, हे आम्हाला फार लागतं. इटलीतल्या माँतोने गावात त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभं राहिलं, तेही 2023 साली.

पुढच्या बैठकीला आम्ही वही आणतोय. आपल्या घरातून फौजेत गेलेल्यांची नावं सांगा, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या बायकांचीही.